राउटरचा दिवा हिरवा, तरी नेट बंद का?

पावसाळ्यात वसई-विरारमध्ये लाइट गेली की हे हमखास घडतं. राउटर इन्व्हर्टरवर चालू असतो, लॅपटॉपला त्याची केबल लावलेली असते, शिवाय मोबाइलचा हॉटस्पॉटही जोडलेला असतो. तरी लॅपटॉपवर पान उघडत नाही. मोबाइलवर तेच पान झटकन उघडतं. जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि वसईत बऱ्याच ठिकाणी वीज नव्हती, तेव्हा घरून काम करणारे थोडेच होते. आता पाणी भरलं की मुंबईचं ऑफिस घरातल्या लॅपटॉपवरच चालवावं लागतं.

याचं कारण लॅपटॉपच्या प्रणालीत सापडतं. लिनक्स, मॅक, फ्रीबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणाली. त्यांच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मार्गांचा एक तक्ता असतो. बाहेर निघालेल्या प्रत्येक पॅकेटचा पत्ता त्या तक्त्याशी ताडला जातो आणि सर्वांत नेमकी जुळणारी नोंद जिंकते. वसई रोडला भिवंडीचा प्रवासी दिवा मार्गाची गाडी धरतो, बाकीची गर्दी चर्चगेट लोकलमध्ये शिरते, तसंच हे. घरातल्या प्रिंटरसाठी वेगळी नोंद असते. उरलेल्या साऱ्या जगासाठी ०.०.०.०/० ही एकच. तिला डिफॉल्ट रूट म्हणतात.

केबल आणि वाय-फाय दोन्ही जोडले की असे डिफॉल्ट रूट दोन होतात. मग निर्णय मेट्रिक नावाच्या आकड्यावर होतो: ज्याचा आकडा लहान, त्याचा मान पहिला. बहुतेक लिनक्स लॅपटॉपवर नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्राम हे आकडे देतो. केबलला १००, वाय-फायला ६००, सिमकार्डच्या मोडेमला ७००. हा क्रम जोडणीच्या प्रकारावरून आधीच ठरलेला असतो. त्या क्षणी कोणतं नेट खरोखर चालतंय, याचा त्यात विचार नसतो.

आपली अडचण नेमकी इथे आहे. कर्नलला कळतं ते एवढंच की लॅपटॉप आणि राउटर यांच्यातली तार जिवंत आहे. राउटरच्या पलीकडे, इमारतीच्या जिन्यातला केबलवाल्याचा स्विच विजेअभावी बंद पडला, तर ती बातमी या तक्त्यापर्यंत पोहोचतच नाही. पॅकेटं १०० आकड्याच्या वाटेने जात राहतात आणि वाया जातात. ६००ची चांगली वाट शेजारीच मोकळी पडून असते. केबल उपटली की सगळं सुरळीत होतं, कारण तार निघताच ती नोंदही पुसली जाते.

नेटवर्कमॅनेजरकडे यावर चांगला तोडगा आहे. ठरावीक वेळाने, सहसा दर ३०० सेकंदांनी, तो इंटरनेटवरचा एक ठरलेला पत्ता उघडून पाहतो. अपेक्षित उत्तर आलं नाही, तर त्या जोडणीच्या मेट्रिकमध्ये २०००० मिळवतो. केबलचे १०० मग २०१०० होतात आणि ६००चा हॉटस्पॉट आपोआप पुढे येतो. काही लिनक्स वितरणांत ही तपासणी सुरुवातीपासून चालू असते, काहींत ती चालू करावी लागते. वीज जाणाऱ्या गावात ती चालू असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

क्रम आपल्या हातानेही बदलता येतो. टर्मिनलमध्ये 'आयपी रूट' हा आदेश दिला की सगळ्या नोंदी मेट्रिकसह दिसतात. हॉटस्पॉटच्या जोडणीला ५० हे मेट्रिक देऊन ती पुन्हा जोडली, की केबल मागे पडते. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीचा तक्ता वेगळा असतो आणि तिथला आकडाही बदलावा लागतो. हे अनेकदा विसरलं जातं आणि अर्धी रहदारी जुन्याच वाटेने अडकून राहते. मॅकवर नेटवर्क सेटिंगमध्ये सेवांचा क्रम माउसने ओढून लावायचा. फ्रीबीएसडीत आरसी डॉट कॉन्फ या फाइलीत 'डिफॉल्टराउटर' ही ओळ लिहितात.

मेट्रिकला बगल देणारी ऑफिसच्या व्हीपीएनची, म्हणजे ऑफिसपर्यंतच्या खासगी वाटेची, युक्ती मला विशेष आवडते. ओपनव्हीपीएन हा प्रोग्राम मूळ डिफॉल्ट रूटला हातही न लावता जगाचे दोन अर्धे भाग करतो: ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१. दोन्ही नोंदी डिफॉल्टपेक्षा नेमक्या, म्हणून सारी रहदारी व्हीपीएनमधून वळते, मेट्रिक काहीही असो. व्हीपीएन बंद केला की जुनी नोंद जागच्या जागी असते.

वाट बदलली की लॅपटॉपचा बाहेर दिसणारा पत्ताही बदलतो, त्यामुळे चालू असलेला व्हिडिओ कॉल किंवा अर्धवट उतरलेली फाइल बहुधा तुटते. म्हणून आभाळ भरून आलं असेल, तर हा बदल मीटिंग सुरू होण्याआधीच करून घ्यावा.