आठ वर्षे अडलेला कायदा

रोवणीचे दिवस असतात. बांधीत गुडघाभर चिखल असतो. धुऱ्यावरच्या गवतात हात जातो आणि साप चावतो. माणसाला घरी आणतात. लगेच दोन मते पडतात. एक म्हणतो, "पुजाऱ्याकडे न्या, तो मंत्र टाकील." दुसरा म्हणतो, "दवाखान्यात न्या, तिथं सुई देतील." या वादात तास-दोन तास निघून जातात. विष मात्र वाद मिटण्याची वाट पाहत नाही.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतल्या जंगलपट्टीत हे कोणाला सांगायला नको. पण याविषयी एक कायदा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. करणी केली असा आळ घेऊन एखाद्याला छळणे हाही गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद. शिवाय पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड.

हा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये झाला. परंतु विधानसभेने असे विधेयक पहिल्यांदा मंजूर केले होते डिसेंबर २००५ मध्ये. मग मधली आठ वर्षे तो कुठे होता? वाचकहो, हीच गोष्ट आम्हाला आज सांगायची आहे.

कायदा होण्याआधी त्याच्या मसुद्याला विधेयक म्हणतात. जंगलातून लाकडाची गाडी आणताना नाक्यावर थांबावे लागते, पास दाखवावा लागतो. विधेयकालाही असेच नाके पार करावे लागतात. पहिला नाका विधानसभा. तिथे २८८ आमदार. त्यांना आपण मत देऊन निवडतो. दुसरा नाका विधान परिषद. तिच्या जागा ७८. त्या आमदारांना आपण सगळे मिळून थेट निवडत नाही. त्यांना वेगवेगळे गट निवडतात आणि काहींना राज्यपाल नेमतात. दोन्ही नाके पार झाले की राज्यपालांची सही. सही झाली की कायदा.

२००५ मध्ये विधेयकाने पहिला नाका ओलांडला. दुसऱ्यावर ते अडले. त्या वेळी काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांचे सरकार होते. शिवसेना व भारतीय जनता पक्ष विरोधात होते. विरोधकांचे म्हणणे असे, की विधेयकाचे शब्द फार मोघम आहेत. आज भोंदूबाबाला धराल, उद्या घरातल्या पूजेला धराल. काही वारकरी मंडळींनाही हीच भीती वाटत होती. कायद्याच्या बाजूचे लोक म्हणत, की देवाधर्माला कोणी हात लावत नाही, फसवणूक आणि अघोरी प्रकार तेवढे बंद करायचे आहेत. शेवटी विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समिती म्हणजे नीट विचार करण्याची जागा. पण पुष्कळदा ती वेळ काढण्याचीही जागा होते.

इथे घटनेतील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की विधान परिषद विधेयक अडवू शकते, पण कायमचे मारू शकत नाही. परिषदेने विधेयक फेटाळले किंवा तीन महिने मंजूर केले नाही, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करू शकते. त्यानंतर परिषदेला एकच महिना मिळतो. मग तिची मंजुरी नसली तरी विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले असे धरतात. म्हणजे वाट होती. त्या वाटेने कोणी गेले नाही. म्हणून आम्ही म्हणतो, दोष एकट्या विरोधकांचा नव्हता. सरकारनेही जोर लावला नाही.

दुसरी गोष्ट अशी, की विधानसभा बरखास्त झाली की परिषदेत पडून असलेले असे विधेयकही संपते. २००९ मध्ये निवडणूक झाली. नवी विधानसभा आली. जुने विधेयक गेले. पुन्हा पहिल्या नाक्यापासून सुरुवात!

२०११ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारलेला मसुदा मंजूर केला. तरी कायदा होईना. डॉक्टर नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकूम काढायचे ठरवले. त्याच आठवड्यात राज्यपालांची सहीही झाली. आठ वर्षांत जे झाले नाही, ते आठ दिवसांत झाले.

वटहुकूम म्हणजे काय? सभागृह चालू नसताना तातडीची गरज पडली, तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल तात्पुरता कायदा काढतात. सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही, तर तो संपतो. त्यावरही वाद होतोच. चर्चा टाळून कायदा करणे बरे नव्हे, असे एक पक्ष म्हणतो. चर्चेच्या नावाने किती वर्षे थांबायचे, असे दुसरा विचारतो. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे.

पुढे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधेयक पुन्हा आले. पुष्कळ चर्चा झाली, दुरुस्त्या झाल्या. १३ डिसेंबर २०१३ रोजी विधानसभेने आणि १८ डिसेंबरला परिषदेने ते मंजूर केले. वारी, भजन, कीर्तन, प्रवचन, घरची व देवळातली उपासना यांना हा कायदा लागू नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ज्याला भीती वाटत होती, त्याला लेखी उत्तर मिळाले. भांडणाचा एवढा फायदा झाला, हेही कबूल केले पाहिजे.

असे वाद आपल्याकडेच होतात असे नाही. अमेरिकेत आजारपणाच्या विम्याचा मोठा कायदा २०१० मध्ये झाला. तिथल्या वरच्या सभागृहात १०० सभासद. चर्चा थांबवून मत घ्यायला ६० जण लागतात. ऐन वेळी सरकारपक्षाचा एक सभासद कमी झाला. मग वरच्या सभागृहाने आधी मंजूर केलेलेच विधेयक खालच्या सभागृहाने जसेच्या तसे मंजूर केले. उरलेल्या दुरुस्त्या अर्थसंकल्पाच्या वाटेने नेल्या. त्या वाटेवर साधे बहुमत पुरते. विरोधक म्हणाले, ही पळवाट आहे. सरकारपक्ष म्हणाला, ही नियमातलीच वाट आहे. सभागृह कोणतेही असो, नियम ज्याला ठाऊक, तो गाडी हाकतो.

कायदा झाला म्हणजे काम संपले असे नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावी, जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारले. त्यात म्हातारी माणसे होती, बायाही होत्या. कायदा होऊन तेव्हा सात वर्षे उलटली होती. पण कायदा होता, म्हणून पोलिसांना त्याखाली गुन्हा नोंदवता आला.

तेव्हा आम्ही दोन गोष्टी सांगतो. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. माणसाला धीर द्या, चावलेला हातपाय हलू देऊ नका आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. झाडपाल्याची माहिती असणे हा गुन्हा नाही. दवाखान्याची वाट अडवणे हा गुन्हा आहे. कोणी अडवले तर पोलीस ठाण्यात सांगा.

दुसरी गोष्ट मत मागायला येणाऱ्याला विचारण्याची. "आमच्यासाठी कायदा करू," असे तो म्हणाला की विचारा: विधेयक कोणत्या नाक्यावर आहे? कोणी अडवले? का अडवले? सोडवायला तुम्ही काय केले? ज्याला वाचता येते, त्याला असे विचारण्याचा हक्क आहे आणि ज्याला वाचता येत नाही, त्यालाही आहे. नाके असावेत, गाडी तपासावी. पण गाडीत आजारी माणूस असतो, हे नाकेदाराने विसरू नये.