आदल्या रात्रीचा वस्तरा

श्रोतेहो, भिवंडीतल्या एखाद्या यंत्रमाग कामगाराला अंतर्गळ झाला, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, की घरात धावपळ सुरू होते. गावाहून काका येतात, डबा कोणी न्यायचा ते ठरते, आणि कोणीतरी हटकून म्हणते, "रात्रीच वस्तरा फिरवून घे रे, उद्या डॉक्टरांना त्रास नको." हेतू चांगला, पण नेमके हेच करू नये.

वस्तऱ्याने कातडीवर बारीक ओरखडे उठतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. रात्रभर तिथे जंतू वाढतात आणि सकाळी त्याच जागी चाकू लागतो. हे जंतू बहुधा आपलेच असतात. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू तिघांतल्या एकाच्या नाकात बिनभाड्याने राहत असतो. कातडी शाबूत आहे तोवर तो सहसा त्रास देत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले, की केस काढू नयेत. भागच असेल तर कातरयंत्राने काढावेत, वस्तरा नकोच. शस्त्रक्रियेपूर्वी साबणाने अंघोळ मात्र जरूर करावी.

"पण इंजेक्शन देतातच की!" असे आपण म्हणाल. पिंपरीच्या कारखान्यात १९५५ साली पेनिसिलीन निघू लागले, आणि सुईवरचा आपला भरवसा तर दांडगाच! मात्र सुईलाही वेळ असते. बोस्टनचे जॉन बर्क यांनी १९६१ साली गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवले, की जंतू शिरण्याआधी औषध शरीरात असेल तर ते गुण देते. तीन तास उशीर झाला, तर दिले काय नि न दिले काय, सारखेच. यासाठी चाकू लावण्याआधीच्या दोन तासांत ते देतात. टाके पडल्यावर बहुतेक शस्त्रक्रियांना पुढे ते चालू ठेवावे लागत नाही. तेव्हा "आणखी चार दिवस सुई द्या" असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये. त्याने जंतूच औषधाला निगरगट्ट होतात.

राहिले हात. व्हिएन्नाचे सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आपण मागावरून तडक भेटायला जातो, अंगावर कापसाची तूस, आणि "बघू कुठे कापलंय" म्हणून पट्टी उचकतो! तसे करू नका. उलट पट्टी बदलायला कोणी आले, तर "ताई, हात धुतलेत ना?" असे नम्रपणे विचारा. त्यात कोणाचा अपमान नाही.

मधुमेह असेल तर आधीच सांगा. घरी आल्यावर टाक्यांना हळद, राख काही लावू नका. महिनाभरात केव्हाही जागा लाल झाली, ठणकली, पू आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.