भोरचा माणूस पोलादपूरच्या नाक्यावर

पावसाळ्यात वरंधा घाट बंद झाला की भोरहून महाडला यायचं तर वाट वाकडी करावी लागते. वाईवरून महाबळेश्वर गाठायचं, आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला महामार्गाला लागायचं, मग महाड.

आता पोलादपूरच्या नाक्यावर एक कडक पहारेकरी आहे असं धरा. "कुठून आलात?" "भोरहून." तो आपला कागद बघतो. त्याच्याकडे भोरची वाट वरंध्याची लिहिलेली. "मग या घाटाने कसे?" म्हणत तो खऱ्या माणसाला माघारी धाडतो. राउटरमधली 'स्ट्रिक्ट' तपासणी हीच.

तपासणी लागते, कारण इंटरनेटवरच्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता तो स्वतःच लिहितो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत १३ ते १६ या चार बाइटांत तो बसतो. राउटर जाण्याचा पत्ता वाचून पॅकेट पुढे ढकलतो, पाठवणाऱ्याचा पत्ता सांगितल्याशिवाय पडताळत नाही. मग हल्लेखोर तुमचा पत्ता घालून हजारो सर्व्हरांना चिमूटभर प्रश्न विचारतो आणि पोतंभर उत्तरं तुमच्या दारात येऊन पडतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहब या संकेतस्थळावर असाच सेकंदाला १.३५ टेराबिटांचा लोंढा आला होता.

उपाय जुना आहे. फर्ग्युसन आणि सेनी यांनी मे २००० मध्येच मांडलं होतं, की पत्ता ग्राहकाच्या दाराशीच तपासा. पुढे याच विषयावरच्या २००४ च्या दस्तऐवजात स्ट्रिक्टखेरीज आणखी पद्धती आल्या. 'फीजिबल'मध्ये पहारेकऱ्याच्या कागदावर भोरचे दोन्ही घाट असतात, कुठल्याही घाटाने या. 'लूज'मध्ये तो एवढंच बघतो, की भोर नावाचं गाव नकाशात आहे ना? इथेच मेख आहे. वरच्यासारख्या हल्ल्यात वापरलेला पत्ता खऱ्या गावाचाच असतो, त्यामुळे लूज त्याला अडवत नाही.

लिनक्सच्या राउटरवर ही तपासणी ठरवणाऱ्या 'आरपी फिल्टर' या सेटिंगला ० म्हणजे बंद, १ म्हणजे स्ट्रिक्ट, २ म्हणजे लूज. महाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याने दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या, जाणं एकीने आणि येणं दुसरीने होऊ लागलं, की स्ट्रिक्ट चांगली पॅकेटंही टाकून देतं. तक्रार आली की ० करून मोकळं होणं सोपं. पण तेवढ्या धास्तीने सगळीकडेच ० ठेवणं मला चुकीचं वाटतं. गल्लीतल्या घराला एकच वायर असते, तिथे दुसरा घाटच नाही. तिथे १ केल्याने खरं पॅकेट अडत नाही. हल्ला होतो तो दूरच्या कुणावर तरी, आपल्याकडे तक्रार येत नाही, म्हणून तो ० वर्षानुवर्षं तसाच राहतो. बदलायला एक ओळ पुरते.