शिंगराचे संगोपन व शिक्षण : जन्मापासून स्वारीपर्यंत

प्रस्तावना :

घोडा हा निसर्गतः हिंस्र पशूंचे भक्ष्य ठरणारा प्राणी आहे. धोक्याची चाहूल लागताच पळ काढणे हे त्याचे आत्मसंरक्षणाचे मुख्य साधन होय. माणूस मात्र त्याने पाठीवर स्वार घ्यावा, पाय उचलू द्यावा, खुराला नाल ठोकून घ्यावी अशी अपेक्षा बाळगतो. ही अपेक्षा व घोड्याचा स्वभाव यांचा मेळ बसला नाही, तर घोडा बुजरा किंवा आक्रमक होतो आणि मोतद्दार व स्वार यांच्या जिवालाही धोका संभवतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकाने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात, चाबुकस्वाराच्या हाती जाण्यापूर्वीच शिंगरू शांत व माणसाळलेले असावे, असे सांगून ठेवले आहे. मात्र शिंगराला माणसाळविण्याची सुरुवात केव्हा व कशी करावी, याविषयी आजही मतभेद आढळतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

१. जन्मानंतरचे पहिले तास :

घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. निरोगी शिंगरू जन्मानंतर साधारणतः १ तासात उभे राहते, २ तासांत दूध पिऊ लागते आणि ३ तासांच्या आत घोडीची वार पडते. हा क्रम लांबल्यास पशुवैद्यकास बोलावणे आवश्यक असते. घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाकडे जात नाहीत; ती शिंगराला केवळ चिकातून मिळतात. शिंगराच्या आतड्याची ही द्रव्ये शोषून घेण्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते व २४ तासांच्या सुमारास संपुष्टात येते. याच काळात घोडी शिंगराला हुंगते, चाटते आणि दोघांची परस्परांशी ओळख पक्की होते. म्हणून बेंबीला जंतुनाशक लावणे, शिंगरू दूध पिते की नाही हे पाहणे एवढाच माणसाचा हस्तक्षेप या वेळी अपरिहार्य ठरतो.

२. ‘इम्प्रिंटिंग’ची कल्पना :

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये असे मांडले की, हंसाची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर प्रथम दिसणाऱ्या हलत्या वस्तूमागे जातात व तो ठसा त्यांच्यावर कायम राहतो. याच कल्पनेच्या आधारे अमेरिकन पशुवैद्यक रॉबर्ट मिलर यांनी १९९१ मध्ये नवजात शिंगरांच्या शिक्षणावर पुस्तक प्रसिद्ध केले. जन्मल्याबरोबर शिंगराला धरून त्याचे कान, नाकपुड्या, तोंड, पाय व खूर वारंवार हाताळावेत आणि त्याचा प्रतिकार थांबेपर्यंत ही क्रिया चालू ठेवावी, अशी ही पद्धत आहे. अनेक देशांतील अश्वपालकांनी ती स्वीकारली.

३. कल्पनेची तपासणी :

टेक्सासमधील जे. एल. विल्यम्स, टी. एच. फ्रेंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ व २००३ मध्ये या पद्धतीची पाहणी प्रसिद्ध केली. पहिल्या दोन-तीन दिवसांत असे शिक्षण दिलेली शिंगरे आणि न दिलेली शिंगरे यांच्या वर्तनात काही महिन्यांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. फ्रान्समधील रेन येथील सेव्हरीन आंरी, मार्टिन हौसबर्गर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याहून गंभीर निष्कर्ष मांडला. जन्मानंतरच्या पहिल्या तासात हाताळलेली शिंगरे पुढे आईला अधिक चिकटून राहिली, कमी खेळली व इतर शिंगरांत कमी मिसळली. माणसाने साधलेल्या जवळिकीची किंमत आई व शिंगरू यांच्या नात्याला मोजावी लागली, असा याचा अर्थ होतो. धरून ठेवलेल्या शिंगराचे स्थिर होणे म्हणजे त्याला विश्वास वाटणे नव्हे. पळणे अशक्य झाल्यामुळेही ते निपचित राहते.

४. घोडीच्या माध्यमातून विश्वास :

याच संशोधकांच्या गटाने २००५ मध्ये एक सोपा मार्ग दाखविला होता. शिंगराच्या जन्मानंतर पहिले ५ दिवस, रोज १५ मिनिटे, त्याच्यादेखत केवळ घोडीला हळुवार खरारा करण्यात आला व हाताने चारा भरविण्यात आला. शिंगराला मुळीच स्पर्श केला नाही. तरीही ही शिंगरे इतरांपेक्षा माणसाजवळ अधिक सहजपणे आली आणि हा परिणाम ती वर्षाची होईपर्यंत टिकून होता. शिंगरू माणसाची पारख आईच्या वर्तनावरून करते. त्यामुळे भित्र्या अथवा मारकुट्या घोडीला आधी शांत करणे हीच शिंगराच्या शिक्षणाची पहिली पायरी ठरते.

५. पुढील टप्पे :

पहिल्या काही आठवड्यांत खांदा व मानेचा तळ यांना खाजविण्यापासून सुरुवात करून हळूहळू पायांकडे जावे. म्होरकी चढविल्यावर शिंगराला ओढत नेऊ नये. दोरीवर हलका ताण द्यावा व त्याने एक पाऊल टाकताच तो तत्काळ सोडावा. ताण सुटणे हेच त्याचे बक्षीस होय. ताणापुढे नमते घेण्यास शिकण्यापूर्वी शिंगराला खुंटीला बांधल्यास ते मागे झटका देते व त्याच्या मानेला इजा होऊ शकते.

अंगावरून तोडण्याचा काळ विशेष नाजूक असतो. पैदास केंद्रांत तो सहसा चार ते सहा महिन्यांच्या वयात येतो. मोकळ्या कळपातील घोडी मात्र याहून पुष्कळ अधिक काळ शिंगराला पाजते. लेआ लान्साद व सहकाऱ्यांच्या २००४ मधील संशोधनानुसार, तोडल्यानंतर लगेच केलेली हाताळणी तीन आठवड्यांनी केलेल्या हाताळणीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते. या काळात इतर घोड्यांचा सहवासही आवश्यक असतो. एकट्या माणसाच्या हातांवर वाढलेले पोरके शिंगरू माणसाला भीत नाही, पण त्याची मर्यादाही ओळखत नाही. लहानपणी कौतुकाचा वाटलेला त्याचा चावा मोठेपणी घातक होतो.

खोगीर व स्वार यांची घाईही तितकीच अनिष्ट होय. पुढच्या पायातील गुडघ्यावरच्या हाडाची वाढ पूर्ण होण्यास सुमारे अडीच वर्षे लागतात, हे ध्यानात ठेवूनच ओझे व श्रम वाढवावेत.

समारोप :

महाराष्ट्रात पुणे परिसरातील शर्यतीच्या घोड्यांची पैदास केंद्रे, सारंगखेड्याचा दत्तजयंतीचा घोडेबाजार आणि मेंढ्यांच्या कळपांबरोबर फिरणाऱ्या धनगरांची घोडी अशी अश्वपालनाची भिन्न रूपे आढळतात. त्या सर्वांना लागू पडणारा बोध एकच आहे. शिंगरू पहिल्या तासात जिंकून घ्यावयाचे नसते. तो तास घोडीचा असतो. माणसाचे काम त्यानंतर सुरू होते आणि ते रोजच्या थोड्या वेळाने, हलक्या हाताने व घोडीच्या साक्षीने करावयाचे असते. यासाठी फारसा खर्च लागत नाही. मात्र संयम लागतो.