मशीन धडधाकट, ड्रायव्हर बंद

पुण्याजवळच्या मारुंजीच्या सोसायट्यांमधून सकाळी गाड्या दोन दिशांना फुटतात. बऱ्याचशा शेजारच्या हिंजवडीच्या आयटी पार्ककडे वळतात, काही भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांकडे. पहिल्या वाटेवरची माणसं ज्या संगणकांवर काम करतात, ते तीन-चार वर्षांत बदलून मिळतात. दुसऱ्या वाटेवर वीस वर्षांपूर्वीचं मशीन आजही दहा मायक्रॉनमध्ये माप काढून देतं, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर विंडोज एक्सपीचा संगणक असतो. खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार घालतात, तसाच एक या संगणकालाही घालतात. तो बंद पडला तर मशीनही उभं राहतं, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं.

2025च्या दिवाळीच्या आठवडाभर आधी, 14 ऑक्टोबर रोजी, विंडोज 10चा आधार संपला. चर्चा सगळी मायक्रोसॉफ्टची झाली. पण छोट्या उद्योगाचे हाल मायक्रोसॉफ्टपेक्षा दुसऱ्याच कुणामुळे जास्त होतात. प्रिंटर, केबल, कार्ड, स्कॅनर बनवणाऱ्या कंपन्या जुन्या विंडोजसाठी ड्रायव्हर देणं बंद करतात, आणि जुन्या वस्तूंसाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हर लिहीतच नाहीत. धडधाकट वस्तू दोन्हीकडून अडकते.

भोसरीतल्या जॉब वर्कच्या शेडमधली नेहमीची गोष्ट घ्या. जुन्या सीएनसी मशीनच्या कंट्रोलरची मेमरी तोकडी असते. डाय-मोल्डचा लांबलचक प्रोग्राम तिच्यात मावत नाही, म्हणून तो संगणकातून केबलने थोडा थोडा पाठवतात. ही केबल आरएस-232ची. मशीनच्या बाजूला पंचवीस पिनांचा कनेक्टर, संगणकाच्या बाजूला नऊ पिनांचा. पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी मार्करने लिहून ठेवलेलं असतं: 4800, सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. प्रोग्रामची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने, मग ओ आणि क्रमांक. एवढं जुळलं की मशीन चालू. कंट्रोलर कुणाचा, संगणक कुणाचा, याने काही बिघडत नाही, कारण आरएस-232 हे 1960च्या दशकापासूनचं जाहीर प्रमाण आहे.

मग एक दिवस संगणक जळतो. नवा लॅपटॉप येतो, त्याला नऊ पिनांचं पोर्टच नसतं. बाजारातून यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर आणला जातो. लावला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. अशा अनेक स्वस्त कन्व्हर्टरांमध्ये तैवानच्या प्रोलिफिक कंपनीची पीएल2303 मालिकेतली चिप, किंवा तिची नक्कल, असते. या मालिकेतल्या एका जुन्या चिपला कंपनीचा नवा ड्रायव्हर ओळखतो, पण चालवत नाही. उपकरणाच्या नावाच्या जागी मजकूर येतो: ही चिप 2012 पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा. चिप तीच, केबल तीच, जुन्या ड्रायव्हरवर काल चालत होती. कंपन्यांची तक्रार नकली चिपांबद्दल आहे आणि ती खोटी नाही. पण 2014 साली एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीने तर कडीच केली. विंडोज अपडेटमधून आलेला तिचा ड्रायव्हर नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकत असे, म्हणजे ती चिप पुढे कोणत्याच संगणकाला ओळखू येत नसे. गदारोळ झाला तेव्हा तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. नकली माल बनवणारा नामानिराळा राहिला. नुकसान झालं ते दुकानातून पैसे मोजून केबल आणणाऱ्याचं.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. विंडोजला ‘हे पान छाप’ एवढंच सांगता येतं; प्रिंटरला रोलर कधी फिरवायचा, लेझर कुठे पाडायचा, हे त्याच्या बोलीत कळायला हवं. असे बरेचसे दुभाषे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतात. तिथे झालेली चूक सगळा संगणक पाडते. म्हणून प्रत्येक नव्या विंडोजबरोबर तिथले नियम कडक होत गेले. 2007 साली व्हिस्टा आली, तिच्या 64-बिट आवृत्तीत ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची झाली. विंडोज 10च्या 2016च्या आवृत्तीपासून नव्या कर्नल ड्रायव्हरची सही मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरूनच घ्यावी लागते. शिवाय 32-बिटचा ड्रायव्हर 64-बिट विंडोजवर मुळीच बसत नाही, आणि विंडोज 11 फक्त 64-बिटमध्येच निघते. म्हणजे ज्या कार्डाचा 32-बिट ड्रायव्हरच तेवढा उपलब्ध आहे, त्याची वाट विंडोज 10वर संपली.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. प्रत्येक विंडोजवर प्रत्येक मॉडेल तपासायचं म्हणजे माणसं लागतात, यंत्रं लागतात. ड्रायव्हर बनवण्याची मायक्रोसॉफ्टची अवजारंही जुन्या सिस्टीम सोडत जातात. एक्सपीसाठी ड्रायव्हर बनवता येईल असा शेवटचा संच 7.1 क्रमांकाचा, 2010 सालचा. एनव्हिडिया आणि एएमडी या दोघांनीही विंडोज 7साठी नवे ग्राफिक्स ड्रायव्हर 2021 साली थांबवले. तोवर विंडोज 7चा स्वतःचा आधार संपून दीड वर्ष होऊन गेलं होतं, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

2017चं प्रकरण मात्र वेगळं. डेस्कटॉपसाठीचे सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर बाजारात आले, आणि विंडोज 7ची मुदत 14 जानेवारी 2020 पर्यंत असूनही त्या प्रोसेसरवर तिला आधार मिळणार नाही असं आधीच ठरलेलं होतं.  सिस्टीम जिवंत, प्रोसेसर नवा, आणि दोघांची गाठ मुद्दाम घालून दिलेली नाही. पुढे 2019च्या नोव्हेंबरात इंटेलने जुन्या मदरबोर्डांचे ड्रायव्हर आणि बायोसच्या फायली आपल्या साइटवरून काढून टाकल्या. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. नवं काही लिहू नका, हे पटतं. पण लिहून झालेलं, तपासून झालेलं काढून का टाकायचं? काही मेगाबाइटच्या फायली ठेवायला असा किती खर्च येतो?

प्रिंटरचं उदाहरण घेतलं की सगळा प्रश्न उलगडतो. एचपीचा लेझरजेट 4 हा 1992चा प्रिंटर. त्याला पीसीएल ही पान-वर्णनाची भाषा येते आणि त्या भाषेचे तपशील एचपीने छापून प्रसिद्ध केले होते. त्यामुळे तीसहून जास्त वर्षांनीही साधारण पीसीएल ड्रायव्हरवर तो छापू शकतो. त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी आलेला लेझरजेट 1020 आपल्याकडच्या सीए, वकील आणि झेरॉक्सवाल्यांचा लाडका. स्वस्त, दणकट. पण स्वस्ताईसाठी त्याच्यातली बरीच बुद्धी काढून संगणकात घातली आहे. बटण दाबल्यावर त्याचं स्वतःचं फर्मवेअरसुद्धा त्याला संगणकातल्या ड्रायव्हरकडून घ्यावं लागतं. ड्रायव्हर नसेल तर तो कोरा ठोकळा. लिनक्सवर तो चालतो तो स्वयंसेवकांनी त्याची बोली उकलली म्हणून. नवा प्रिंटर ड्रायव्हरअभावी भंगारात जाण्याच्या बेतात, आणि त्याच्याहून जुना चालू. फरक वयाचा नाही, जाहीर भाषेचा आहे. पेन ड्राइव्ह, माऊस, कीबोर्ड यांसाठी आपण कधी ड्रायव्हर शोधत बसत नाही, ते याचमुळे. यूएसबीत त्यांची भाषा सगळ्यांसाठी एकच ठरलेली आहे.

आपल्या देवनागरीनेही याच वाटेने प्रवास केला, आणि तोही पुण्यात. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान 1988 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. जिस्टचं कार्ड संगणकात खोचलं की वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्राममध्ये मराठी दिसू लागे. सरकारी कचेऱ्यांना त्या काळी याचं केवढं अप्रूप होतं! पुढे विंडोज आली, पडद्याचा ताबा तिने घेतला आणि कार्डाचं काम संपलं. पण कार्डाच्या मदतीने साठवलेला मजकूर इस्की या संकेतात होता आणि इस्की हे 1991चं भारतीय मानक, आयएस 13194, कुणालाही वाचता येणारं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या 1988च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. म्हणून कार्ड गेलं तरी मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. याउलट डीटीपीच्या काळात प्रत्येक कंपनीने आपल्या फॉन्टचा वेगळा संकेत वापरला. त्या काळातल्या कितीतरी दिवाळी अंकांच्या फायली आज उघडल्या तर अक्षरांचा काला दिसतो. फॉन्ट बदलणारं सॉफ्टवेअर हाती लागलं तर लागलं.

जुनी सिस्टीम चालवत राहण्यात धोका आहे, हे दडवण्यात अर्थ नाही. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय हा संगणकांना ओलीस धरून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा चेन्नईजवळच्या रेनॉ-निस्सानच्या कारखान्यालाही त्याची झळ लागली. मायक्रोसॉफ्टला आधार संपून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठीसुद्धा तातडीने दुरुस्ती काढावी लागली. म्हणून मशीनशेजारच्या संगणकाला इंटरनेट देऊ नका. ऑफिसच्या नेटवर्कलाही जोडू नका. त्यावर कुणाचाही पेन ड्राइव्ह लावू देऊ नका.

आणि संगणक चालू आहे तोवरच त्याच्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवा. क्लोनझिला हे फुकट मिळणारं साधन त्यासाठी पुरतं. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये पीएनपीयुटिल ही आज्ञा आहे, तिने बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरात काढता येतात. मदरबोर्डवरची सीआर2032 बॅटरी वेळच्या वेळी बदला. ती उतरली की बायोसच्या नोंदी पुसल्या जातात आणि ‘विंडोज उडाली’ असं समजून लोक चालू सिस्टीम फॉरमॅट मारून बसतात. नव्या संगणकाच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी चालवता येते आणि सिरियल पोर्ट, यूएसबीची उपकरणं तिच्यात जोडताही येतात. मात्र स्लॉटमध्ये खोचलेल्या मोशन कंट्रोल कार्डाला हा उपाय सहसा लागू पडत नाही. तसं कार्ड असेल तर जुन्या पद्धतीचा एखादा मदरबोर्ड आजच घेऊन ठेवलेला बरा.

हे सगळं झालं जखमेवरचं मलम. मूळ दुखण्यासाठी केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली क्षेत्रं. भोसरी-चाकणचं कारखान्यातलं मशीन त्या यादीत नाही. ते यायला हवं, आणि त्यासाठी मराठा चेंबरने, पिंपरी-चिंचवडच्या लघुउद्योजकांच्या संघटनांनी आवाज उठवायला हवा.

कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारखं एक काम आहे. मशीन लाखो रुपयांचं घेतो तेव्हा पर्चेस ऑर्डर आपण लिहितो. तिच्यात टूलिंग, वॉरंटी, एएमसी, सगळ्याच्या अटी असतात. त्यात आणखी तीन घाला. सगळे ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर, परवान्याच्या कळीसह, डिस्कवर हाती मिळावेत. मशीन संगणकाशी कोणत्या भाषेत बोलतं त्याची पुस्तिका मिळावी. आणि आधार बंद केल्यावरही शेवटचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर राहावा. एकट्या शेडवाल्याचं कुणी ऐकणार नाही, पण भोसरी, तळवडे, चाकणमधल्या मोठ्या खरेदीदारांनी हा आग्रह धरला तर विक्रेत्याला ऐकावंच लागेल. हिंजवडीत बसून अशाच कंपन्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मारुंजीकरांनाही एक विनंती: एखाद्या मॉडेलचा आधार थांबवण्याची बैठक तुमच्या टीममध्ये होईल, तेव्हा जुन्या फायली काढून टाकू नका आणि तपशिलांची पुस्तिका खुली करा, एवढं त्या बैठकीत नक्की मांडा.