चवीबद्दल वाद घालता येतो का? चार बाटल्या आणि एक जुना प्रश्न

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. ज्या यवतमाळ जिल्ह्यात बायकांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले, तिथे तत्त्वज्ञानाचा एक म्हातारा मास्तर रेड वाइनवर काय बोलणार? आक्षेप रास्त आहे, त्याकडे शेवटी येतोच. पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. ‘ही वाइन चांगली आहे’ असं मी म्हणतो, तेव्हा मी वाइनबद्दल बोलतो की स्वतःबद्दल?

आम्ही चार निवृत्त मित्रांनी एका शनिवार-रविवारी हे करून पाहिलं. नाशिककडच्या चार रेड वाइन घेतल्या: दोन शिराझ, एक कॅबरने सोविन्यों, एक झिनफँडेल. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर आकडे टाकले. पेल्यात दोन-तीन घोटच ओतायचे, आधी वास, मग घोट. आणि कुणी बोलायच्या आत प्रत्येकानं कागदावर लिहायचं. हा शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. कारण पहिला माणूस ‘वा!’ म्हणाला की उरलेल्या तिघांची जीभ त्याच्या मागे जाते. रविवारी त्याच बाटल्या, फक्त आकडे बदलून.

एक व्यावहारिक गोष्ट. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम युरोपातल्या थंड खोल्यांचा आहे, म्हणजे साधारण 16 ते 18 अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42च्या पुढे जातो! तेव्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीच लागते; नाहीतर नुसती अल्कोहोलची वाफ नाकात जाते.

आता निकाल बघा. ‘सगळ्यात आवडली कोणती’ याचं उत्तर दोघांचं शनिवारी एक, रविवारी दुसरं. पण ‘सगळ्यात तुरट कोणती’ याचं उत्तर चौघांचं दोन्ही दिवशी एकच. म्हणजे काय, तर आवड हलत होती, वर्णन मात्र टिकत होतं. ‘चव ज्याची त्याची’ असं म्हणून आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो.

हा तुरटपणा येतो कुठून? काळ्या द्राक्षाचा गर बहुधा फिकाच असतो. रेड वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून साल रंग देते, आणि साल-बिया टॅनिन देतात. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटतं. गंमत अशी की आपल्या परंपरेत कषाय हा सहा रसांपैकी एक; आजचं शरीरशास्त्र त्याला प्रामुख्यानं स्पर्शाची संवेदना मानतं. नाव काहीही द्या, तुरटपणा आहे आणि तो चौघांना सापडतो.

डेव्हिड ह्यूमनं 1757 साली रुचीच्या निकषावर निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट आहे. दोन जण वाइन चाखतात. एकाला चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी निघते चामड्याचा पट्टा बांधलेली जुनी किल्ली! उलट कांटनं 1790 मध्ये म्हटलं की वाइन सुखद आहे म्हणजे ‘मला’ सुखद आहे. सौंदर्याच्या निवाड्यासारखी इतरांकडून सहमतीची अपेक्षा तिथे करता येत नाही. माझ्या मते आवडीपुरता कांट बरोबर, वर्णनापुरता ह्यूम.

पण ह्यूमवरही फार विसंबू नका. 2001 मध्ये बोर्दोतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिच्या वासासाठी रेड वाइनचे शब्द वापरले. डोळ्यानं नाकाला शिकवलं! म्हणून तर झाकून चाखायचं.

आणि शब्दांचं काय? परदेशी पुस्तकात ‘ब्लॅकबेरी’, ‘सीडर’ लिहिलेलं असतं. आम्ही ते बाजूला ठेवलं. कागदावर आलं ते जांभूळ, चिंच, पहिल्या पावसानंतरची काळी माती, वाळलेली मोहफुलं. उसन्या शब्दानं चाखणारा स्वतः चाखत नाही. भरतानं रस समजावताना उदाहरण दिलं ते जेवणाचंच: नाना व्यंजनांनी सिद्ध झालेलं अन्न खाणारा ‘सुमनस्’ माणूस, म्हणजे ज्याचं मन जागेवर आहे असा. चाखायला नुसती जीभ पुरत नाही, बरं का.

आता तो आक्षेप. गावातली बाई दारूविरुद्ध उभी राहते ती चवीच्या वादासाठी नाही. घरातला पगार आणि मार वाचवण्यासाठी. तिच्यापुढे आमचा षौक फार लहान आहे, आणि वाइन सभ्य, गावठी असभ्य, असा भेद करायला मी तयार नाही. तुम्ही पीत नसाल तर सुरू मुळीच करू नका. हाच प्रयोग चार दुकानांच्या गुळावर करा, चहावर करा, आंब्यावर करा. झाका, आधी लिहा, मग बोला.

कारण ‘ज्याची त्याची आवड’ म्हटलं की संभाषण तिथेच संपतं. आणि पुस्तक, गाणं, उमेदवार यांच्याबद्दलही आपण हल्ली तेच करतो. ‘तुला काय जाणवलं ते आधी सांग’ असं विचारलं, तर वाद होतो, पण तो पुढे जातो. आता प्रश्न घेऊ या.