आठ कोनांची चांदणी

आमच्या दिवाणखान्यांत घड्याळाच्या शेजारीं एक सहा इंची लांकडी रिंग टांगलेली आहे. तिच्यांत पांढऱ्या मॅटीवर काळ्या धाग्यानें भरलेली आठ कोनांची चांदणी आहे. पाहुणे तिची तारीफ करतात तेव्हां मी गप्प बसतें; कारण ती माझ्या हातची दुसरी चांदणी होय. पहिली तीन संध्याकाळचें काम झाल्यावर उसवावी लागली.

माझ्या आत्याबाई धारवाडास दिलेल्या. कानडींत ज्याला कसूती म्हणतात आणि आपण कर्नाटकी कशिदा म्हणतों, तो त्यांच्या बोटांत मुरलेला होता. इरकली लुगड्याच्या पदरावर गोपुरें, पालख्या, हत्ती, तुळशीवृंदावनें भरावयाचीं तीं कापडावर छाप न उठवितां, केवळ धागे मोजून, ही या कशिद्याची रीत. टांके चारच : सरळ रेघेचा गवंती, पायऱ्यापायऱ्यांचा मुर्गी, विणीसारखा दिसणारा नेगी आणि मेथीच्या दाण्यासारखा फुलीचा मेंथी. यांपैकीं गवंतीची खुबी अशी कीं, कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. युरोपांतहि हा टांका आहे. 1543 सालीं लंडन येथें मरण पावलेला चित्रकार हान्स होल्बाइन यानें काढलेल्या तसबिरींत आस्तन्यांच्या कडांवर तो दिसतो, म्हणून तिकडे त्याला त्या चित्रकाराचेंच नांव पडलें. भरणारणीचें पडलें नाहीं, हें ओघानेंच आलें !

मीं पहिली चांदणी मोठ्या ऐटीनें आत्याबाईंच्या पुढें धरली. "उलटी कर बघूं," त्या म्हणाल्या. मागें गांठींचें व लोंबत्या दोऱ्यांचें रान माजलें होतें. शिवाय शेवटचा कोन एका घरानें चुकला होता, तो मीं ओढूनताणून जुळविला होता. त्यांनीं बोट फिरविलें आणि कात्री माझ्याकडे सरकविली. मला रडूं कोसळलें. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता व धागे त्यांना मोजतां येईनासे झाले होते. आपल्या हातचें घरांतील एका तरी मुलीच्या हातीं बरोबर उतरावें याची त्यांना घाई होती, हें मला मागाहून कळलें.

ही चांदणी म्हणजे एक चौकोन आणि त्यावर टोंकावर उभा केलेला दुसरा चौकोन, एवढेंच. एका इंचांत चौदा घरें असलेली मॅटी घ्यावी. तुकडा दहा इंच चौरस असावा, म्हणजे रिंगेबाहेर धरण्यास पुरेसें कापड राहतें. धागा सहापदरी मिळतो, त्यांतले दोनच पदर ओवावे. सुई बोथट टोंकाची हवी; तीक्ष्ण सुई घरांतून न जातां धाग्यांतूनच जाते. रिंगेच्या आंतल्या कडीला जुन्या मलमलीची पट्टी गुंडाळली म्हणजे कापड सरकत नाहीं व डागहि पडत नाहीं. रात्रीं काम ठेवतांना रिंग काढावी, नाहींतर वळ उठतो.

कापडाची दोनदां घडी घालून मध्य काढावा. मध्यापासून सोळा घरें उजवीकडे व सोळा घरें वर मोजलीं कीं पहिल्या चौकोनाचा कोपरा आला. प्रत्येक टांका दोन घरांचा. म्हणून एका बाजूस सोळा टांके, चारी बाजूंस मिळून चौसष्ट. दुसऱ्या चौकोनाचें टोंक मध्यापासून सरळ चोवीस घरांवर. त्याचे टांके तिरपे, दोन घरें आडवीं व दोन उभीं असे जातात. एका बाजूस बारा. हिशेब बरोबर असेल तर तिरपी रेघ सरळ रेघेला कोपऱ्यापासून चौथ्या टांक्याच्या अखेरीस छेदते. तेथें छेद आला नाहीं, तर पुढें एकहि टांका घालूं नये. माझी चूक येथेंच झाली होती. एवढ्यातेवढ्यानें काय होतें, असें म्हणून मीं पुढें रेटलें.

आतां गवंतीची युक्ति. प्रत्येक चौकोनाला पाऊण वार धागा पुरतो. गांठ मारावयाची नाहीं. दोन इंच शेपूट मागें सोडून धावदोरा घालीत फेरी पुरी करावी, म्हणजे एक टांका वर, एक खालीं. फेरी संपतांना सुई आरंभाच्याच भोंकांतून वर येते. येथें पुष्कळजणी तशाच पुढें निघतात आणि भरलेल्या टांक्यावरच दुसरा टांका चढतो. टांक्यांची संख्या सम आहे, म्हणून आल्या वाटेनेंच उलट फिरावें. मग रिकाम्या राहिलेल्या जागा आपोआप भरत जातात. शेवटीं दोन्ही शेपटें मागच्या टांक्यांखालून ओवून कापून टाकावीं. मधल्या आठ कोनी जागेंत हौस असल्यास मेंथीचीं चार फुलें भरावीं. मला तीहि गर्दी वाटते.

काम कंदिलाच्या उजेडांत करणाऱ्या बायका होऊन गेल्या. आपल्याला विजेचा दिवा आहे, तो उजव्या हातानें भरणारणीनें डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली पडत नाहीं. लाल वा काळा धागा असेल तर आधीं त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून रंग जातो कीं काय तें पाहावें.

भरणें झाल्यावर रिंगेबाहेरचें कापड दीड इंच राखून गोल कापावें, कडेनें धावदोरा घालून मागें आंवळून घ्यावें. यावर जाड कापडाची चकती शिवून पाठ झांकण्याची चाल आहे.

दुसरी चांदणी पुरी झाली तेव्हां आत्याबाईंना ती दिसण्यासारखी नव्हतीच. त्यांनीं ती उलटी करून मांडीवर ठेवली आणि बोटांच्या टोंकांनीं कोनाकोनांवरून सावकाश फिरल्या. "गांठ नाहीं," म्हणाल्या, आणि मला चहाचें आधण ठेवावयास सांगितलें. त्या रिंगेची पाठ मीं झांकलेली नाहीं.